घाट चढेल एवढी

आमच्या घरची प्रीमियर पद्मिनी 1985 सालची. बाबा कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात केमिस्ट होते. कॉलनीत तेव्हा स्वतःची मोटार असलेली घरं बोटांवर मोजण्याइतकी होती, आणि त्यांतली सगळ्यांत जास्त वेळा रस्त्यात बंद पडणारी गाडी आमची. तरी घरातल्यांचा जेवढा जीव तिच्यावर होता तेवढा नंतर आलेल्या कुठल्याच गाडीवर जडला नाही. बाबा निवृत्त झाल्यावर काही वर्षं ती गावातल्या गावात फिरली, मग घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेली ती तिथेच राहिली. दर दिवाळीला कुणी ना कुणी म्हणायचं, "भंगारात द्या आता, जागा तरी मोकळी होईल." बाबा ऐकून घ्यायचे. आई मात्र विचारायची, "मोकळी करून तिथे ठेवणार काय?"

धाकट्या भावाने आणि मी ती पुन्हा चालू करायचं ठरवलं तेव्हा पहिला प्रश्न आला, कशासाठी? खर्च किती करायचा, काय बदलायचं, काय तसंच ठेवायचं, हे सगळं या एका उत्तरावर ठरतं. शोरूममधून आली त्या दिवशी जशी होती तशीच्या तशी गाडी उभी करणारे लोक आहेत. मूळ रंगाची छटा, मूळ क्रोम, मूळ स्क्रूसुद्धा शोधून आणतात. त्यांच्या चिकाटीबद्दल मला मनापासून आदर आहे. दसऱ्याला कोल्हापुरात छत्रपतींची मेबॅक, म्हणजे जुनी राजेशाही मोटार, दसरा चौकात येते तेव्हा गर्दीच्या अंगावर जो शहारा येतो तो मी लहानपणी बाबांच्या खांद्यावर बसून अनुभवलाय. पण पद्मिनी मेबॅक नव्हे. ती मुंबईच्या टॅक्सीवाल्यांची, तालुक्याच्या डॉक्टरांची, कारखान्यातल्या साहेबांची रोजची गाडी. माणसं आणि ओझी वाहायला घेतलेली. तिला चकचकीत करून झाकून ठेवण्यात आम्हाला काही अर्थ वाटेना. म्हणून मोजमाप एकच ठरलं. चार माणसं आणि मागे सामान भरून तिने करूळ घाट चढून वर यायचं.

करूळच का, तर आईचं माहेर देवगड तालुक्यात. कोल्हापूरहून गगनबावडा 55 किलोमीटरच्या आसपास, तिथून करूळ घाट उतरला की वैभववाडी, मग तळेऱ्यावरून किनाऱ्याकडे. मे महिन्यात जाताना गाडी हलकी असायची. आमचे कपडे आणि आजोळी द्यायची साखर, बस्स. येताना डिकीत हापूसच्या पेट्या, मागे आमच्या पायांशी फणस, सीटखाली नारळ, आमसुलांची बरणी आईच्या मांडीवर. पुढची सीट सलग बाकासारखी, गिअरचा दांडा स्टीअरिंगला, त्यामुळे पुढेही तिघं सहज बसत. म्हणजे उतरायचं हलक्याने आणि चढायचं ओझ्याने. 1089 सीसीचं इंजिन, ताकद चाळीस-बेचाळीस अश्वशक्तीची. आज रस्त्यावरच्या लहानात लहान गाडीलाही याहून जास्त असते.

चढाला लागलं की पुढचं ठरलेलं असे. पेट्रोलचा पंप इंजिनाच्या अंगालाच बोल्टने बसवलेला. इंजिन तापलं की पंप तापायचा, त्यातलं पेट्रोल नळीतल्या नळीत उकळायचं, आणि रबरी पडद्याच्या वरखाली होण्यावर चालणाऱ्या त्या पंपाला वाफ ओढता यायची नाही. गाडी दोन आचके द्यायची आणि गप्प व्हायची. मग बाबा उतरून मागच्या चाकाला दगड लावायचे. आईच्या पिशवीत एक जुना पंचा खास या कामासाठी असे. तो पाण्यात भिजवून पंपाला गुंडाळायचा, थांबायचं, पंपाखालची छोटी तरफ हाताने दाबून पेट्रोल वर आणायचं आणि पुन्हा सेल्फ मारायचा. हे झालं एक दुखणं. दुसरं, पाणी उकळण्याचं. रेडिएटरच्या टोपणातून फुसफुस सुरू झाली की आम्हा मुलांना लांब उभं करायचे. तिसरं पॉइंटचं. प्लगना ठिणगीची वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटवर, म्हणजे वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांवर, काजळी धरली की गाडी मिसिंग मारायची, आणि बाबा पॉलिश पेपरचा तुकडा पाकिटातून काढायचे.

या सगळ्याचा आम्हाला कधी वैताग आला नाही असं नाही. पण त्या गाडीचा प्रत्येक आजार उघड्यावर होता. डोळ्यांनी दिसायचा, कानांनी ऐकू यायचा, वासावरून कळायचा. रोटर म्हणजे काय, कंडेन्सर कशासाठी असतो, पहिल्या सिलिंडरची वायर कुठली, हे मला चौथी-पाचवीत ठाऊक होतं. मुलगी म्हणून कुणी बाजूला सारलं नाही. पाना देणं, टॉर्च धरणं ही माझीच कामं. आज मी चालवते त्या गाडीचं बॉनेट उघडलं तर वर काळं प्लास्टिकचं झाकण दिसतं आणि खाली काय चाललंय ते फक्त वर्कशॉपमधल्या स्कॅनरला कळतं. ती गाडी बिघडत नाही, हे मान्य. पण ती मला काही शिकवतही नाही.

बाबांना पद्मिनीबद्दल जो अभिमान होता त्याला आणखी एक कारण होतं. ते नेहमी सांगत की ही गाडी साखरेच्या घराण्यातली. त्यात तथ्य आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी नाशिक जिल्ह्यात रावळगावला आणि पुणे जिल्ह्यात पुढे ज्याला वालचंदनगर म्हणू लागले तिथे साखर कारखाने काढले. विमानाचा कारखाना, जहाजबांधणी आणि मोटारीही त्यांच्याच. 1944 साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन गाड्या जुळवल्या गेल्या आणि पन्नाशीच्या दशकापासून इटलीच्या फियाटच्या. आमची पद्मिनी ही मुळात फियाट 1100. सत्तरीच्या दशकात तिचं नाव बदललं, पण आमच्या भागात सगळे शेवटपर्यंत तिला फियाटच म्हणत राहिले. डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली आणि वारं फिरलं. तरी 1985 साली बाबांनी पद्मिनीच घेतली. पत्रा जाड, खालून दांडगी, आणि ऊसाच्या गाडीवाटेने जायचं तर हीच, असं त्यांचं म्हणणं.

शेडमधून बाहेर काढली तेव्हा तिची अवस्था पाहून भावाचा धीर खचला होता. उंदरांनी वायरिंग कुरतडलेलं. चारही टायर बसलेले. ब्रेक एवढे जाम की ट्रॅक्टरने ओढली तर मागची चाकं फिरेनात, नुसती मातीत घासत आली. टाकीचं झाकण उघडलं तर पेट्रोलचा वास नव्हताच, जुन्या वॉर्निशचा होता.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातले एक मिस्त्री आले. साठीचे, कारखान्याच्या ट्रकांवर हात बसलेला माणूस. गाडीभोवती एक फेरी मारून त्यांनी दाराखालच्या पट्टीवर बोट वाजवत नेलं. पत्रा सडला असेल तर आवाज बोदा येतो. दोन ठिकाणी आला.

"ताई, हिला काय बी झालं न्हाई," ते म्हणाले. "हिला नुसतं झोपवून ठिवलंय."

"इंजिन फिरतंय का बघू या?" भाऊ म्हणाला.

"सेल्फ मारायचा न्हाई हं. रिंगा चिकटल्या असतील, तुटतील. आधी तेल पाजा."

चारही प्लग काढले. प्रत्येक भोकात डिझेल आणि इंजिन ऑइल मिसळून ओतलं, प्लगच्या जागी कापडाचे बोळे घातले आणि गाडीला तसंच राहू दिलं. मिस्त्री मधूनमधून यायचे, पुलीच्या नटाला पाना लावून अगदी हलका दाब द्यायचे आणि निघून जायचे. जोर लावायची परवानगी कुणालाच नव्हती. मग एका सकाळी पाना आपसूक फिरला. आतून चारही पिस्टन एकेक करून वर आले तसा भोकांतून चपचप आवाज झाला. मिस्त्रींनी पाना पुसून खिशात ठेवला आणि म्हणाले, "चा ठेवा आता."

टाकीच्या वेळी बाबांचा खरा सहभाग सुरू झाला. ऐंशी ओलांडलेले, कानाला यंत्र, गुडघे धरलेले. तोवर खुर्ची टाकून लांबून बघत होते. टाकीत गंजाचे पापुद्रे होते. मिस्त्रींची पद्धत अशी की आत साखळीचा तुकडा आणि खडी घालून टाकी हलवायची. ते झालं. पण कोपऱ्यांतला गंज सुटेना. बाजारात मिळतं ते गंज काढायचं द्रावण आणू या असं भाऊ म्हणाला तेव्हा बाबांनी त्याच्याकडून बाटलीवरचं लेबल मोठ्याने वाचून घेतलं. "फॉस्फोरिकच आहे," ते म्हणाले. "आयुष्यभर रसात टाकलंय आम्ही हे." ऊसाचा रस निवळायला चुन्याबरोबर फॉस्फोरिक ॲसिड देतात, त्यातला बराच गाळ त्यामुळे धरून खाली बसतो. तेच ॲसिड गंजाशी लागलं की त्याचं लोखंडाच्या फॉस्फेटमध्ये रूपांतर होतं आणि पत्र्यावर राखाडी थर धरतो. बाबांनी पाण्याचं प्रमाण सांगितलं, किती वेळ ठेवायचं ते सांगितलं, नंतर सोड्याच्या पाण्याने धुऊन ताबडतोब गरम हवेने सुकवायला लावलं. "ओलं राहिलं तर तासाभरात परत लाल होईल." मिस्त्री लक्ष देऊन ऐकत होते. त्यांनी दोन बारीक छिद्रं झाळली, ती मात्र बाबांना विचारून नव्हे.

रेडिएटरच्या बाबतीतही तेच. त्यातला पांढरा थर हा पाण्यातल्या क्षारांचा. कारखान्यात रस आटवायच्या इव्हॅपोरेटरच्या नळ्यांत असाच थर बसतो आणि ठरावीक दिवसांनी कारखाना थांबवून तो कॉस्टिकने उकळून काढावा लागतो. भावाला वाटलं इथेही कॉस्टिक. बाबांनी हात वर केला. "या इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं आहे. कॉस्टिकचा एक थेंब तिकडे जाता कामा नये." शेवटी रेडिएटर सुटा करून सायट्रिक ॲसिडच्या कोमट पाण्याने धुतला. पाणी चहासारखं तांबडं बाहेर आलं, मग फिकं, मग स्वच्छ.

आता पेट्रोल. आज पंपावर मिळतं त्यात 20 टक्के इथेनॉल असतं. त्यातलं काही बनतं मळीपासून आणि ऊसाच्या रसापासून, आमच्या जिल्ह्यातल्या कारखान्यांच्या डिस्टिलरीत. ज्या कारखान्याच्या पगारावर ही गाडी घेतली त्याच्यासारख्या कारखान्यांतलं इथेनॉल आता तिच्या टाकीत येणार, याचा बाबांना मनापासून आनंद झाला. त्यांच्या काळात मळीला भाव नसायचा. पण 1985 च्या गाडीला हे इंधन ओळखीचं नाही. इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं, हवेतला ओलावा धरतं, टाकीतली बसलेली घाण सोडवून पुढे पाठवतं. शिवाय लिटरमागे त्यात पेट्रोलपेक्षा साधारण एकतृतीयांश कमी ऊर्जा असते आणि त्याला जळायला हवा कमी लागते. जुना कार्बोरेटर स्वतःहून मिश्रण जुळवून घेऊ शकत नाही. त्याला कुणी सांगावं लागतं, आणि सांगायची जागा म्हणजे जेट, पेट्रोल आत सोडणारं बारीक छिद्र. मिस्त्रींनी मुख्य जेट एक नंबरने मोठा घातला. पंपाचा पडदा आणि सगळ्या नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या रबराच्या आणल्या. टाकी आणि पंप यांच्यामध्ये काचेचा पारदर्शक फिल्टर लावला, म्हणजे काय वाहतंय ते दिसावं. अशा कधीमधी चालणाऱ्या गाड्यांच्या मालकांना माझं सांगणं एवढंच आहे की टाकी भरून महिनोन्‌महिने उभी ठेवू नका. थोडंच पेट्रोल घाला आणि गाडी चालवा.

सुटे भाग शोधण्याचं काम भावाचं. पुण्यात नाना पेठ, जुना बाजार, मुंबईत कुर्ला. मुंबईच्या रस्त्यावरच्या पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांच्या मर्यादेमुळे ऑक्टोबर 2023 अखेर संपल्या. त्या चालत होत्या तोवर दुकानदारांना माल ठेवणं परवडत होतं, असं एका वयस्क दुकानदाराने त्याला सांगितलं आणि मग आतल्या खोलीतून मेणकापडात गुंडाळलेले व्हील सिलिंडर काढून दिले. किंमत त्यावर पेनने लिहिलेली होती तीच घेतली. जे मिळालं नाही ते उद्यमनगरात बनवून घेतलं. कोल्हापूरबाहेरच्या लोकांना उद्यमनगर म्हणजे काय ते सांगितल्याशिवाय कळत नाही. गल्लीत एका दारात लेथ, पुढच्या दारात ग्राइंडिंग, त्यापुढे ओतकाम. जुनी वस्तू हातात द्यायची आणि दुसऱ्या दिवशी तशीच नवी घेऊन जायची. वॉटर पंपाचा दांडा आम्हाला असाच मिळाला. लेथवाल्या पोराने जुना दांडा व्हर्नियरने मोजला, झिजलेली जागा बाजूला ठेवून न झिजलेल्या टोकावरून माप धरलं, कागदाच्या पुठ्ठ्यावर तीन आकडे लिहिले आणि मान हलवली. ड्रॉइंग मागितलं नाही.

तरीही एक गोष्ट सुटत नव्हती. गाडी चालू झाली, गावात फिरली, छान चालली, आणि थोड्या चढावर पाणी बाहेर टाकायला लागली. रेडिएटर स्वच्छ, वॉटर पंप नवा, बेल्ट ताठ. मिस्त्री डोकं खाजवत बसले.

तेव्हा आईने तिची वही आणून दिली. निळ्या पुठ्ठ्याची, कारखान्याच्या स्टोअरमधली. आई गाडी कधी चालवायला शिकली नाही, पण गाडीचा हिशोब तिच्याकडे होता. तारीख, किलोमीटर, काय झालं, कुणी केलं, किती गेले. "14 मे 1991. येताना करूळ. पाणी उकळलं. दोनदा थांबलो." "हेड गॅस्केट बदललं. आता ठीक." "22 मे 1993. येताना करूळ. पाणी उकळलं." "हेड गॅस्केट बदललं." पुन्हा दोन वर्षांनी तेच. (हेड म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, आणि गॅस्केट म्हणजे त्या दोहोंमध्ये दाबून बसणारा पातळ थर.) मधल्या काळातल्या पुण्याच्या, पंढरपूरच्या फेऱ्यांत उकळल्याची एकही नोंद नाही.

मिस्त्री वही मांडीवर घेऊन अंगठ्याने ओळी मोजत खाली गेले. पुन्हा वर आले.

"काकी, हे सगळं तुमी लिवलंय?"

"मग दुसरं कोण लिहिणार?"

"गॅस्केट बदललं, गॅस्केट बदललं... आनी हेड फेसला कधीच न्हाई गेलं?"

"मला सांगितलं असतं तर लिहिलं असतं."

हेड उतरवलं. मिस्त्रींनी त्यावर पोलादी पट्टी आडवी धरली, पलीकडे टॉर्च लावायला मला सांगितलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधोमध पट्टीखालून प्रकाशाची एक बारीक रेघ दिसली. फट मोजायच्या फिलर गेजचं पातं तिथे न अडकता आत गेलं. ॲल्युमिनियमचं हेड कधीतरी तापून किंचित वाकलं होतं. त्यावर कितीही नवी गॅस्केट घातली तरी ती त्या जागी नीट दाबली जात नव्हती. सपाटीवर काही कळायचं नाही. पण ओझं घेऊन चढताना सिलिंडरमधला दाब वाढला की जळलेला वायू तिथून पाण्याच्या वाटेत शिरायचा आणि पाणी बाहेर ढकलायचा. म्हणून येतानाच, करूळलाच. आमच्या घरात पस्तीस-चाळीस वर्षं ही गाडी बेभरवशाची म्हणून सांगितली गेली. लहरी, मूडी, घाटाला घाबरणारी. ती तशी नव्हती. तिच्यात एक ठरावीक दोष होता, तो ठरावीक वेळी दिसायचा, आणि आईने तो दर वेळी तारखेनिशी लिहून ठेवला होता. त्या काळातल्या गॅरेजवाल्यांनी गॅस्केटचे पैसे घेतले. वही बघायला कुणी मागितली नाही. आम्हीही ती खर्चाची वहीच समजत होतो.

हेड उद्यमनगरात फेस मारायला, म्हणजे घासून सपाट करायला गेलं, सरळ होऊन आलं. बोल्ट ठरलेल्या क्रमाने, मधून बाहेर, थोडे थोडे आवळले. मिस्त्रींनी टॅपेट लावले. इंजिन चालू केलं आणि बाबांना हाक मारली. बाबांना आता इंजिनाचा आवाज नीट येत नाही. यंत्र लावलं तर नुसता गोंगाट होतो म्हणून त्यांनी ते काढून खिशात टाकलं, मडगार्डवर तळहात ठेवला आणि डोळे मिटले. बराच वेळ. मग म्हणाले, "तीन नंबर." मिस्त्रींनी तिसऱ्या प्लगची वायर ओढली, परत लावली, प्लग काढला. चिनीमातीला केसाएवढी चीर होती. प्लग बदलल्यावर बाबांनी पुन्हा हात ठेवला आणि या वेळी नुसती मान हलवली.

इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवू या, असं भावाचं ठाम मत होतं. पॉइंट, कंडेन्सर यांची कटकटच नको. बरेच जण मारुतीचा कार्बोरेटरही बसवतात. मी विरोध केला. इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल जास्त टिकतं, पण गेलं तर घाटात त्याचं काही करता येत नाही. पॉइंट पॉलिश पेपरने घासून घरी येता येतं. ज्या गाडीची दुरुस्ती रस्त्याच्या कडेला होऊ शकते तिचा तो गुण काढून घेणं मला पटत नाही. पॉइंट राहिले, आणि पेटीत एक जादा कंडेन्सर. ब्रेकच्या बाबतीत मात्र कुणाचा वाद चालू दिला नाही. चारही चाकांना ड्रम आहेत, आणि उतरताना करूळचा घाट त्यांची परीक्षा घेतो. लायनर, सिलिंडर, रबरी होज, लोखंडी नळ्या, सगळं नवं. वायरिंगही नवं, फ्यूजसकट. पुढे सीट बेल्टही बसवले, जमिनीच्या पत्र्याला आतून जाड प्लेट झाळून. जुन्या गाडीच्या प्रेमापोटी ब्रेक आणि वायरिंग जुनं ठेवणारे लोक मला माहीत आहेत, आणि त्यांनी तसं करू नये असं मला कळकळीने वाटतं.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षं, नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण आणि त्यासोबत पर्यावरण कर. 20 वर्षांवरच्या मोटारींचं नूतनीकरण शुल्क ऑगस्ट 2025 मध्ये 5,000 वरून 10,000 रुपये झालं. पन्नास वर्षं झाली की गाडीची व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी होते, पण आमचीला त्यासाठी 2035 उजाडावं लागेल. आरटीओतल्या तरुण निरीक्षकाने चारही बाजूंनी पाहिली, हँडब्रेक लावून ढकलून बघितली आणि स्टीअरिंगला लावलेला गिअरचा दांडा कसा टाकतात ते विचारलं. मी दाखवलं. पास झाली. जुन्या तीन इंग्रजी अक्षरांच्या नंबरची आता नवी, होलोग्रामवाली प्लेट आहे.

यंदाच्या मे महिन्यात आम्ही गेलो. आई-बाबा मागे, मी आणि भाऊ पुढे. उतरताना दुसऱ्या गिअरवर, ब्रेकला विश्रांती देत. आजोळी दोन दिवस राहून परत निघालो तेव्हा मामाने पेट्या भरताना विचारलं, "किती घालू?" आई म्हणाली, "पूर्वी घालायचास तेवढ्या." डिकी मावेना तेव्हा एक पेटी बाबांच्या पायाशी गेली.

करूळ चेकनाक्यापासून चढ लागला. मी चालवत होते. पहिल्या मोठ्या वळणावर दुसरा, मग पहिला, मग परत दुसरा. मागून आलेल्या एसटीला बाजू दिली. पुढच्या तिरक्या काचेतून गरम वारा येत होता. बॉनेटकडे सगळ्यांचं लक्ष. निम्मा घाट झाला, पूर्वीची थांबायची जागा आली, तिथला कठडा नवा झालाय. आईने पिशवीतून भिजवलेला पंचा काढून हातात धरून ठेवला होता. तो लागला नाही. गगनबावड्याला वर आल्यावर मी गाडी कडेला घेतली, कारण मिस्त्रींनी बजावलं होतं की चढून आल्यावर लगेच बंद करायची नाही, थोडी चालू राहू द्यायची. रेडिएटरच्या टोपणाभोवती हात फिरवला, कोरडं होतं. बाबा उतरले, मडगार्डवर हात ठेवला आणि भावाला म्हणाले, "वहीत लिहायला सांग तिला."

आईने तिथेच, सीटवर बसून लिहिलं. तारीख, किलोमीटर, करूळ, थांबलो नाही. मग पुढे आणखी एक ओळ लिहिली, ती मला दाखवून विचारून घेतली, कारण तिने कान देऊन ऐकलं होतं पण नाव माहीत नव्हतं. उतारावर पाय उचलला की दुसरा गिअर आपोआप बाहेर येतो. बहुतेक गिअरबॉक्समधल्या सिंक्रोचे दाते झिजले असणार किंवा आतला फोर्क. मिस्त्रींना फोन करून सांगितलं. ते म्हणाले गणपती झाल्यावर आणा, गिअरबॉक्स उतरवायला लागंल, आणि येताना वही घेऊन या.